ताईचं जेवण लांबलंय

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचं जेवण हल्ली संपतच नाही. शाळेत शिकवत होती तेव्हा मधल्या सुट्टीत पोरांवर डोळे वटारत जेवायची, तो झपाटा परवापरवापर्यंत होता. आता माझं होईतो तीही ताटावर बसून असते. भात मऊ, भाज्या घोटलेल्या, पाव दुधात बुडवून. विचारलं तर म्हणे, वय झालं की असंच.

हे उत्तर मला! पेशंटच्या घरचे रोज हेच ऐकवतात आणि मी त्यांना फाडून खाते.

तिला गिळायला त्रास होतोय आणि ती लपवतेय. नक्की.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्डात नवे काका आलेत. जन्मभर बस चालवली, गेल्या आठवड्यात पक्षाघाताचा झटका. त्यांच्या कंठावर बोटं ठेवली, चमचाभर पाणी दिलं, गिळल्यावर "आ" म्हणायला लावलं. आवाज ओला – घशात पाणी खदखदतंय असा. म्हणजे पाणी श्वासनळीच्या तोंडाशी रेंगाळतंय. साधं पाणी बंद, पावडर घालून घट्ट केलेलं सुरू.

काकांनी एक चमचा घेतला. "ही कपड्यांची खळ आहे. पाजताय कशाला, शर्टाला लावा." सून हसली. मी नाही.

सुनेला दोनदा बजावलं – खोकला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं नाही. घास चुकीच्या वाटेने गेला तरी काहींच्या घशाला पत्ताच लागत नाही. माणूस मजेत जेवत राहतो आणि एक दिवस न्यूमोनिया घेऊन दाखल होतो.

बोलून बोलून घसा बसला. वॉर्डात फिनेल जरा जास्तच ओततात. दिवसभर खाकरत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई जेवताना एकदाही खोकली नाही. म्हणून तर जास्त धास्ती वाटतेय.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना तिचा गळा निरखत होते. पकडलं तिने. "काय बघतेस? हार घालायचाय?"

तिच्यावर लक्ष ठेवण्यात माझा चहा निवून गेला. सकाळची रक्तदाबाची गोळीही अडकली, मग चेचून केळ्यातून घेतली. गोळ्या माणसांसाठी करतात की घोड्यांसाठी!

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटी स्पष्टच म्हटलं, गिळणं तपासून घे. वाटलं होतं भांडेल. तर लगेच तयार! अट एकच – मी तपासायचं नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आहे ना, तिने तपासायचं.

इतकी वर्षं हेच काम करतेय मी! पण म्हटलं, बाई येतेय हेच पुष्कळ. बुधवार ठरला.

हातात घेतलेलं एकही काम आज धड झालं नाही. आई गेल्यावर मला भरवलं ते हिने. उद्या नाकातून नळी घालायची वेळ आली तर हिला ते सांगायचं कुणी? परक्यांना सांगताना जीभ अडखळत नाही माझी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकांची प्रगती बरी. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकले. मान वर गेली म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "हेडमास्तरीणबाई, आधी तुमचा घसा साफ करा, मग माझा बघा." सगळा वॉर्ड हसला.

त्या फिनेलबद्दल तक्रार करायला हवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईला तपासलं. मी भिंतीला टेकून उभी. तिने बिस्किट कराकरा चावून खाल्लं. पेलाभर पाणी एका दमात संपवलं. "आ" म्हणाली ते शाळेच्या घंटेसारखं खणखणीत. मुलीने दोनदा पाहिलं. काहीसुद्धा नाही!

सुटकेचा श्वास टाकायचा सोडून मी चिडलेच. मग एवढा वेळ लावतेस कशाला जेवायला? तो मऊ भात कुणासाठी शिजवतेस?

ताईने मुलीकडे पाहिलं. मुलीने खाली पाहिलं. दोघींचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

ताईने पेला पुन्हा भरला आणि माझ्यापुढे सरकवला.

"आता तू पी. आणि आ म्हण."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ओला आवाज माझा. आज एक्स-रेवर पाणी गिळताना पाहिलं – सरळ श्वासनळीत उतरलं, आणि मला साधा ठसकासुद्धा लागला नाही.

घट्ट पाणी सुरू. काका खोटं बोलत नव्हते, खळच आहे ती.

ताईने दोन पेले कालवले होते, एक स्वतःसाठी.