खाली न बघणारा रावण

मोखाडा, माघ अमावस्या, २००३

चि. कमलेश यास दाजींचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? शेकतोस की नुसताच दाखवत फिरतोस?

अक्षर वेडंवाकडं दिसेल. कागद भिंतीला चिकटवून शिसपेन्सिलीने लिहितोय. (टेबलावर ठेवला तर दिसत नाही.) माझे डोळे खाली जायचेच बंद झालेत. ताटात काय वाढलंय ते मला विचारावं लागतं. पाया पडणारे मला दिसत नाहीत, त्यामुळे निवृत्त झाल्यावर मास्तर माजले, अशी गावात बोलवा आहे.

सुरुवात गेल्या वर्षी बोहाड्यात, मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात त्या रात्री झाली. आपल्या घरचं रावणाचं सोंग नाचवताना संबळाच्या ठेक्यावर दोन पावलं मागे आलो आणि धाडकन उताणा! लोक म्हणाले, अंगात आलं. नारळ फुटले. मुखवटा उतरवला, तर आत माझाही चेहरा तसाच, पापणी न हलवता टक लावून. देवळाशेजारच्या गौराबाईने घाबरून पुन्हा आरती ओवाळायला घेतली. डोक्यामागचं टेंगूळ चोळायचीही सोय राहिली नाही.

मग दवाखाने. आधी चष्मा बदलला. मग कंपवाताच्या गोळ्या. ‘अहो, पण यांचे हात कुठे कापतात?’ असं तुझ्या ताईने विचारल्यावर डॉक्टरांनी नाशिकची चिठ्ठी दिली. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी बोट वर-खाली फिरवलं. बोट खाली गेलं, डोळे आपले जागच्या जागी. मग मागे उभे राहून त्यांनी माझे खांदे ओढले आणि मी, साठी उलटलेला मुख्याध्यापक, थेट त्यांच्या मिठीत! म्हणाले, हा कंपवात नव्हे, त्याचा चुलतभाऊ. गोळ्यांना फारसा जुमानत नाही. व्यायाम करा, पाणी घोटघोट प्या, आणि चालताना मागे माणूस हवाच.

खोटं कशाला बोलू, परतीच्या एसटीत रडलो. चेहरा हलत नसल्यामुळे कंडक्टरला वाटलं, डोळ्यात धूळ गेली. त्याने खिडकी लावून घेतली.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
हेमंतदाजी

ता. क. यंदा रावण दुसऱ्या घराला द्यावा, असं पंच म्हणतात. कमलेश, मला अजून एकदा नाचायचंय रे. मुखवट्यातून कुणालाच खालचं दिसत नाही, तेवढ्यापुरता मी चारचौघांसारखा. तू ये आणि मागून माझा कमरपट्टा धर. ताईला बोलू नकोस, घाबरेल.

ता. क. कमलेश, पाकीट मी बंद करतेय, तेव्हा वाचलंच. पट्टा मी धरणार. रोज अंगणात मीच धरते ना? बाईने सोंगाला हात लावायचा नाही, म्हणून पंच ओरडतील. त्यांच्याशी भांडायला तेवढा ये. – जयवंतीताई