यमुनाबाईंचं टपाल

रेल्वे क्वार्टर्स, झाशी
रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

श्रीकृष्णराव,

नमस्कार. तुमचं पत्र बुधवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, राग मानू नका. मी कोण ते औषधाच्या दुकानातल्या दत्तबाबूंनी तुम्हाला सांगितलंच आहे. भुयारी रेल्वेच्या कामावर मी चार वर्षं कलकत्त्याला होतो, नकाशे काढायचो. दोन्ही वेळचं जेवण तुमच्या मातोश्रींकडे असे. मी झाशीचा, त्यांचं माहेरही झाशीचं, त्यावरून ओळख निघाली होती.

तुम्ही विचारता, भवानीपूरच्या घराच्या जागी जमिनीत उतरणारा जिना आहे, मग आई कुठे आहे? कसं लिहावं समजत नाही. यमुनाकाकू आता नाहीत. १९७९ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर चार दिवसांनी त्या गेल्या. शेवटची पावणेचार वर्षं त्या इथं ओरछा गेटला, तुमच्या गोविंदमामांकडे होत्या. निमोनियाचं निमित्त झालं. फार हाल झाले नाहीत. सगळे विधी नीट पार पडले, अस्थी ओरछ्याला बेतवा नदीत सोडल्या. गोविंदमामाही तीन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांची मुलं ग्वाल्हेरला असतात, म्हणून ही बातमी परक्या माणसाकडून तुम्हाला कळते आहे.

तुमची आठवण त्या काढायच्या. रोज.

इकडे थंडी ओसरत आली आहे. माझी पत्नी सरला तुम्हाला नमस्कार सांगते. तिनं काकूंना पाहिलं आहे. झाशीला आलात तर आमच्याकडेच उतरा. स्टेशनवर सरला येईल. मला यायला जमणार नाही.

तुमचा,
नीलकंठ मोघे


रेल्वे क्वार्टर्स, झाशी
रविवार, २४ फेब्रुवारी १९८५

श्रीकृष्णराव,

तुमचं दुसरं पत्र येऊन आठवडा झाला. त्यात तुम्ही मला नीलकंठभैया म्हटलं आहे. ‘माझ्या आईला शेवटी शेवटी एक मुलगा मिळाला, तुमचे उपकार मी विसरणार नाही’ असं लिहिलं आहे. सरलानं वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. मी अंगणातल्या नळावर गेलो आणि कितीतरी वेळ नुसता हात धूत बसलो.

त्याच पत्रात खाली एक ओळ आहे. ‘शहात्तर साली सॅनेटोरियममधून आईला लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. तिनं मला माफ केलं नाही हे तेव्हाच समजलो.’ ही ओळ नसती तर तुमचं ते भैया म्हणणं मी मुकाट्यानं घेतलं असतं, हे आधीच कबूल करतो. पण ती ओळ आहे. तुम्ही नऊ वर्षं ती उराशी धरून बसला आहात आणि ती खोटी आहे. म्हणून आता सगळं लिहितो. मधेच फाडून टाकू नका.

दमदमपासून टॉलीगंजपर्यंतची ती लाइन आम्ही कागदावर कितीदा काढली आणि पुसली त्याला गणती नाही. ती रस्त्याखालून जायची असल्यामुळे बहुतेक घरं वाचायची. पण माणसांना खाली उतरायला जिने लागतात आणि जिन्याचं तोंड कुठेतरी रस्त्याच्या कडेला उघडावं लागतं. तुमच्या कोपऱ्यावरचा जिना पहिल्या नकाशात समोरच्या बाजूला होता. तिकडे खाली जुनं मोठं गटार निघालं आणि जिना रस्ता ओलांडून अलीकडे आला. नवा नकाशा ट्रेसिंगला माझ्याच टेबलावर पडला. काकूंचं स्वयंपाकघर कुठून कुठपर्यंत आहे हे मला मोजल्याशिवाय माहीत होतं. त्यावरून मी शाईची रेघ ओढली आणि दुपारी त्यांच्याच घरी जेवायला गेलो. त्यांनी भरली वांगी केली होती. मी दोनदा मागून घेतली आणि काही बोललो नाही.

पंचाहत्तरच्या सुरुवातीला घर रिकामं करायची नोटीस लागली. वरचे भाडेकरू गेले, मागचे गेले. काकू हलेनात.

“मी गेले आणि तो आला तर? त्याला हाच पत्ता ठाऊक आहे रे निळू.”

“दत्तबाबूंकडे निरोप ठेवू, काकू. तो विचारेल ना शेजारी.”

“भांडून गेलेला मुलगा शेजारी विचारत नाही. दार बंद दिसलं की माघारी फिरेल. मी ओळखते त्याला.”

तुम्ही एकाहत्तर साली वडिलांशी भांडून निघून गेलात आणि वर्षाच्या आत जगन्नाथकाका वारले, हे मला काकूंकडूनच समजलं होतं. वडील गेल्याचं तुम्हाला कळवायला पत्ताही नव्हता, ही एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा बोलायच्या. घर पाडायची तारीख जवळ येत होती. ती पुढे ढकलणं माझ्या हातात नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या दंडाला धरून बाहेर काढील, ते मला बघवलं नसतं. अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. मला ट्रेसिंग येत होतं.

तुमच्या शाळेच्या वह्या त्यांनी ट्रंकेत जपल्या होत्या. त्यातली एक मी न विचारता नेली. आठ दिवस दुपारच्या सुट्टीत तुमचं अक्षर गिरवलं. मग आंतर्देशीय पत्रावर लिहिलं: ‘आई, मी सुखरूप आहे. कलकत्त्याला येणं मला जमणार नाही. तू झाशीला मामाकडे जाऊन राहा. मुंबईकडच्या सकाळच्या गाडीनं मी तिथं येईन. तुझा श्रीकृष्ण.’ भुसावळकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाला ते दिलं आणि तिथून टपालात टाकायला सांगितलं.

काकूंनी ते वाचलं, कपाळाला लावलं. आठवड्याभरात सामान बांधून झालं. हावड्याला मीच त्यांना गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, “माझं काही टपाल आलं तर घेऊन ठेव हो.”

तुम्ही पत्रात लिहिलं आहे की माझं अक्षर ओळखीचं वाटतं. वाटणारच. त्या आठ दिवसांनंतर माझा हात पूर्ववत झालाच नाही. ऑफिसच्या कागदांवर लिहितानासुद्धा मधेच तुमचा ‘ळ’ उतरतो. सुरुवातीला मी खोडून पुन्हा लिहायचो. आता सोडून दिलं आहे.

ऑगस्ट शहात्तर. घराच्या जागी तेव्हा खोल खणलेला चर होता. पावसाचं पाणी उपसणारे पंप चालू होते. पोस्टमन आमच्या साइटच्या ऑफिसात आला आणि यमुनाबाई पुराणिकांच्या नावाचं एक पाकीट देऊन गेला. पाकिटावरचं अक्षर पाहून पहिल्यांदा मला वाटलं, हे तर मीच लिहिलंय. मी कधी लिहिलं? मग उमगलं, हे तुमचं खरं पत्र आहे.

मी ते फोडलं. माझा तो अधिकार नव्हता.

‘आई, पाच वर्षांत तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही’ अशी त्याची सुरुवात होती. तुम्ही आजारी होता, छातीत दुखणं होतं. एकदा येऊन जा, असं लिहिलं होतं. नाही आलीस तर तुझा राग गेला नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही, असंही. ते मी पंपांच्या आवाजात उभ्यानं वाचलं. ती पहिली ओळ काकूंनी वाचली असती तर माझं पत्र खोटं आहे हे त्याच क्षणी उघड झालं असतं. दुसऱ्या दिवशी झाशीला पाठवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या दिवसाचं ठरवलं. निमित्त शोधायला मला कधी कष्ट पडले नाहीत. आधी तुम्हीच बरे होऊन याल असं म्हणालो, मग म्हणालो की पत्र आता जुनं झालं, तुम्ही तिथं नसाल. खरं कारण इतकंच की त्या मला निळू म्हणायच्या. माझी आई मी चौथीत असताना गेली. ते निळू म्हणणं जाईल, ही धास्ती होती.

सत्त्याहत्तरमध्ये माझी झाशीला बदली झाली. तुमचं पत्र माझ्या ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली, माझ्याबरोबर आलं.

इथं आल्यावर पाहिलं की काकू रोज सकाळी टांगा करून स्टेशनवर जातात. मुंबईकडची गाडी पाहून मगच घरी येऊन जेवतात. गोविंदमामा वैतागायचे. “जिज्जी, रोज रोज क्या देखने जाती हो?” तिकीट तपासणारे तिवारीजी मात्र त्यांना खुर्ची द्यायचे. “अम्माजी, आज तो दो घंटे लेट है,” असं सांगून चहा मागवायचे. गाडी थांबली की त्या उठून उभ्या राहायच्या, एकेक डब्याकडे बघायच्या आणि मी बरोबर असलो तर माझ्याकडे न बघता विचारायच्या, “आला का रे?”

दर वेळी मी म्हणायचो, “आज नाही, काकू.”

त्यांच्या आजारात मी आणि सरला आळीपाळीनं ओरछा गेटला जाऊन बसत होतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सरला तिळगूळ घेऊन मामींकडे आत गेली होती. काकूंनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

“निळू, ते पत्र तू लिहिलंस ना?”

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मला पहिल्या दिवशीच समजलं. तो मला कधी ‘तू’ लिहीत नसे, ‘तूं’ लिहायचा, अनुस्वार देऊन. त्याच्या वडिलांनी तशी सवय लावली होती. तू वहीतलं अक्षर उचललंस, अनुस्वार तेवढा राहिला.”

“मग काकू, तुम्ही इथं आलात कशाला?”

“तू इतकं खपून लिहिलंस म्हणून आले. आणि म्हटलं, कोण जाणे, खोट्याचं खरं व्हायचं असेल तर इथंच होईल.” मग त्यांनी माझा हात धरला. “पण एक सांग. त्याचं खरं पत्र आलं असतं तर तू मला दिलं असतंस ना रे?”

ट्रंक माझ्या घरी होती. सायकलवर वीस मिनिटं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “दिलं असतं की, काकू.”

“दिलं असतंस,” त्या म्हणाल्या आणि समाधानानं डोळे मिटले. तीन दिवसांनी त्या गेल्या. त्या तीन दिवसांत मी ट्रंक चार वेळा उघडली. पत्र खिशात घालून दोनदा ओरछा गेटपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा ते खिशातच परत आणलं.

आणखी एक. आधीच्या पत्रात मी ‘सगळे विधी नीट पार पडले’ असं लिहिलं. अग्नी मी दिला. गोविंदमामा म्हणाले, “श्रीकृष्णाचा पत्ता नाही, तूच तिचा मुलगा, तूच दे.” तुमचा पत्ता माझ्याकडे होता. सॅनेटोरियमचं नाव, वॉर्ड, सगळं. तरी मी मडकं खांद्यावर घेतलं आणि फिरलो.

तेव्हापासून मी त्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवलेला नाही. रेल्वेत नोकरी आणि स्टेशनवर जायचं नाही, सगळे हसतात. ऑफिसला मी लांबच्या पुलावरून जातो. एकदा बाजारात तिवारीजी भेटले. “मोघे भैया, गाड़ी रुकते ही आज भी लगता है अम्माजी पूछ रही हैं।” मी म्हटलं, हो का, आणि निघून आलो. त्यांना तसं वाटतं. मला तर ऐकू येतं. सकाळी भोंगा झाला की हातातला कप मी खाली ठेवतो, पाठीमागून “आला का रे?” येतं आणि मी मनात म्हणतो, आज नाही. भुयारी गाडी सुरू झाल्याचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा सरला कौतुकानं म्हणाली, “बघा, तुमचं काम.” माणसं जिना उतरत होती. मला त्या जिन्यावर चुलीपुढे बसलेली बाई दिसली. अजून दिसते.

तुमचं पत्र सोबत पाठवतो आहे. पाकीट फोडलेलं आहे, बाकी जसंच्या तसं. सरलाला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण हे पाठवायच्या पाकिटाला डिंक तिनंच लावून दिला.

तुमच्या आईनं तुम्हाला माफ केलं नाही हे मनातून काढून टाका. रागाचा एक शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही. तुम्ही बोलावलंत हे तिला समजलं असतं तर ती अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली असती. ती आली नाही ती माझ्यामुळे.

तिची तिथी पौष वद्य पंचमी. सहा वर्षं ती मी पाळत आलो, गेल्या महिन्यातही, तुमचं पत्र यायच्या थोडे दिवस आधी. पुढच्या वर्षापासून पाळणार नाही. ती तुमची आहे, आणि ती बाईही तुमची. माझी कधी नव्हती, हे मला आज पहिल्यांदाच लिहावं लागतं आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. भैया म्हणालात ते मनातल्या मनात परत घ्या, मला कळवू नका.

आपला म्हणवून घ्यायची सोय मीच ठेवली नाही, म्हणून नुसताच

नीलकंठ अनंतराव मोघे