मी फक्त इस्त्री बदलायला आले आहे

३ फेब्रुवारी
रोजनिशी सुरू. उद्देश: नोंदी. भावना लिहायच्या नाहीत, नंतर त्यांचा उपयोग होत नाही.
कंपनीने माझी पोस्ट काढून टाकली. मला नाही काढलं, पोस्टला काढलं. पोस्ट गेल्यावर मी तिथे बसणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं, एवढंच. क्वालिटी इंजिनिअरला मागणी असते. महिनाभरात दुसरी नोकरी लागेल. आईला तेव्हाच एकदम सांगायचं. आत्ता सांगितलं तर ती मावशीला फोन करेल, आणि मावशीला कळलं की विषय हाताबाहेर गेला.
तोवर रोजच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडायचं. यात खोटं काही नाही. मी खरोखरच बाहेर पडते.

४ फेब्रुवारी
आजचं काम: इस्त्री बदलून आणणे. वाफेची इस्त्री आहे; वाफ सोडून बाकी सगळं सोडते. चौकातल्या मोठ्या स्टोअरमधून घेतली होती. अंदाज: अर्धा तास.
स्टोअरची अवस्था वाईट. लहानपणी आईबरोबर यायचे तेव्हा प्रत्येक काउंटरमागे माणूस असायचा आणि तो नको असताना मदत करायचा. आता सरकता जिना सरकत नाही. अत्तराच्या नमुना बाटल्या रिकाम्या आहेत, पण साखळीने बांधलेल्या आहेत. ब्लेडची पाकिटं काचेच्या कपाटात, कुलपात. किल्लीसाठी बटण दाबायचं. दाबलं. लांब कुठेतरी घंटा वाजली आणि वाजत राहिली. ट्रायल रूममध्ये आरसा नाही. आरसे दुसऱ्या मजल्यावर विकायला ठेवलेत.
एक्स्चेंज काउंटरवर माणसाऐवजी स्क्रीन. त्यावर लिहून आलं: ‘आमचा सहकारी आपल्याकडे निघाला आहे.’ दुपारपर्यंत तो निघालेलाच होता.
बाहेर पडताना दारावरच्या वॉचमनकाकांनी पिशवी उघडायला लावली. म्हणाले, इस्त्री घेऊन आत गेलात, इस्त्री घेऊन बाहेर आलात, मग आत केलंत काय? मी म्हटलं, माणूस शोधत होते. ते म्हणाले, माणूस हवा असेल तर ताई बाहेर बघा, रस्त्यावर बरेच आहेत.
उद्या परत. उद्या नक्की.

५ फेब्रुवारी
इस्त्री तशीच. काउंटरच्या आतल्या बाजूला एक रिकामी खुर्ची होती. तिथे बसून थांबले. ग्राहकाने आत बसू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तपासलं.
एक आजी आल्या आणि उशीचे अभ्रे कुठे मिळतील म्हणाल्या. मी इथली नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, हो हो, पण अभ्रे कुठेत? तिसऱ्या मजल्यावर आहेत, हे मला काल हिंडून कळलं होतं. माहिती असताना न सांगणं चूक, म्हणून सांगितलं. आजी म्हणाल्या, इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं.
नोंद: त्यांचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

१० फेब्रुवारी
नोकरीसाठी अर्ज करायचे होते. स्टोअरमध्ये वायफाय चांगलं आहे आणि खुर्ची आहे, म्हणून तिथेच बसून करायचे ठरवले. एकही झाला नाही. लोक सारखे येतात. कुणाला छत्री परत द्यायची, कुणाला एकच बूट मिळालाय. काउंटरचा कॉम्प्युटर कुणी नोकरी सोडून गेलेला आपल्या नावाने कायमचा उघडा टाकून गेला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर. रिपोर्ट लिहायचा. तोवर वापरला.

१३ फेब्रुवारी
मॅनेजर दिसला. हा इथला या वर्षातला कितवा, ते काकांनाही सांगता येत नाही. कानात कायम ब्लूटूथ, त्यामुळे तो कुणाशी बोलतोय हे कळायला वेळ लागतो. मी त्याला ब्लूटूथच म्हणते (इथे, लेखी).
ब्लूटूथ म्हणाला, तुम्ही नवीन ना? जॅकेट कुठे आहे? मी खुलासा करणार, तेवढ्यात त्याने एक बोट वर केलं, मिनिटभर थांबा म्हणाला, पलीकडच्याशी भांडला आणि निघून गेला. थोड्या वेळाने निळं जॅकेट माझ्यासमोर टाकलं आणि उद्यापासून वेळेवर यायला सांगितलं.
जॅकेट घातलं. एसी फार थंड आहे.

१४ फेब्रुवारी
वेळेवर गेले. नाहीतर त्याचा गैरसमज झाला असता.

२० फेब्रुवारी
आईने जेवताना विचारलं, ऑफिसात काय चाललंय? सांगितलं, तक्रारींचा निपटारा वेगाने होतोय, कारण मी तक्रारींचे तीन गट पाडलेत: वस्तूचा दोष, ग्राहकाचा दोष आणि नवऱ्याने आणलेली वस्तू. शब्दन् शब्द खरा. आई म्हणाली, तुझे साहेब खूश असतील. म्हटलं, ते फोनवर असतात. तेही खरं.
आई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. बहुधा अभिमान.

२६ फेब्रुवारी
ब्लूटूथने काउंटरखालची पिशवी काढून विचारलं, ही बेवारस इस्त्री कुणाची? एका ग्राहकाची, असं सांगितलं. मग ती केस मीच हाताळली. बिल आहे, दोष सिद्ध आहे, पण बदलून देण्याची मुदत गेल्या आठवड्यात संपली. अर्ज नामंजूर. ग्राहकाने वेळेत पाठपुरावा करायला हवा होता.
नियम सगळ्यांना सारखा. मला या गोष्टीचं समाधान आहे.
म्हणजे आता स्टोअरमध्ये माझं काही काम राहिलेलं नाही. उद्यापासून जायचं नाही. फक्त अर्ज.

२७ फेब्रुवारी
गेले. जॅकेट परत द्यायचं होतं.
दिलं नाही. रांग होती.

५ मार्च
एका चांगल्या कंपनीकडून फोन. मुलाखत १२ तारखेला. पद क्वालिटी इंजिनिअरच, हुद्दा आधीपेक्षा वरचा. अपेक्षेप्रमाणे. फोन आला तेव्हा हातात कुणाची तरी गळकी गरम पाण्याची पिशवी होती, तरी आवाज शांत ठेवला.
वॉचमनकाकांना सांगितलं. ते म्हणाले, जा हो ताई, नक्की जा. तुम्ही इथे का बसता ते मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही. पगार तरी काय देतात तुम्हाला? मी म्हटलं, मी ग्राहक आहे. काका खुर्चीतून उठले, परत बसले.

१२ मार्च
मुलाखतीचा दिवस. सकाळी स्टोअरमध्ये फक्त जॅकेट ठेवायला गेले. आज सेलचा पहिला दिवस आहे हे ब्लूटूथने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दार उघडल्याबरोबर गर्दी आत आली. स्वयंचलित बिलिंगच्या चारही मशीन एकाच सुरात ‘कृपया मदतीची वाट पाहा’ म्हणायला लागल्या. लोकांनी मशीन सोडून माझ्याकडे पाहिलं.
एका गृहस्थांच्या नव्या सुटकेसचं चाक निघालं होतं आणि त्यांची गाडी दुपारी होती. त्यांना टाकून जाणं व्यावसायिक ठरलं नसतं. मुलाखतवाल्यांना फोन करून सांगितलं की साइटवर अडकले आहे. दुसरी वेळ मागितली. क्वालिटी म्हणजे काय ते ज्यांना कळतं त्यांना माझं म्हणणं पटायला हवं.
संध्याकाळी त्यांचा मेल: ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा.’
शुभेच्छा दिल्यात म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

१६ मार्च
नोंद जशी घडली तशी.
रांगेत पाचवी आई होती.
मी खाली वाकले. काउंटरखाली फार वेळ बसता येत नाही, लोक वाकून बघतात. उठले. आईने ओळख दाखवली नाही. आपली पाळी येईपर्यंत शांतपणे उभी राहिली. मागच्या बाईंना, तुम्हाला घाई असेल तर आधी जा, असंही म्हणाली.
मग काउंटरवर एक डबा ठेवला. म्हणाली, मॅडम, हा गळतो. इथूनच घेतला. माझ्या मुलीसाठी. ती मोठ्या कंपनीत आहे, तिला तिथे मान आहे, तिची पिशवी तेलकट झालेली बरी दिसत नाही.
मी विचारलं, बिल आहे का? आई म्हणाली, नाही, विश्वासाने घेतला होता. मागचे लोक ऐकत होते. मी म्हटलं, बिलाशिवाय बदलून देता येत नाही. आई म्हणाली, बरोबर आहे मॅडम, तुम्ही तरी काय करणार, तुम्ही इथे नोकर. मी म्हटलं, मी नोकर नाही. आई म्हणाली, मग कोण आहात? रांगेतले दोघेतिघे पुढे सरकले, त्यांनाही ऐकायचं होतं.
उत्तर तयार होतं, पण ते त्या वेळी लागू पडेना. मी म्हटलं, पुढचे या.
आई डबा घेऊन गेली. दारात काकांनी तिचीही पिशवी तपासली. तिने त्यांना काहीतरी विचारलं. काका बराच वेळ बोलत होते. हातवारे करून.

१६ मार्च, घरी
आईने भाजी वाढली. आमटी वाढली. विषय काढला नाही. मीही काढला नाही. आईने मावशीला फोनही केला नाही. हे जास्त गंभीर आहे.
निष्कर्ष: आईने बहुतेक मला ओळखलं नसावं. जॅकेटमुळे माणूस बराच वेगळा दिसतो.

१७ मार्च
आईने डबा दोन पिशव्यांत बांधून, वर जुना टॉवेल गुंडाळून दिला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, बिल नाही ना.
निष्कर्ष मागे घेतला.
लवकरच सगळं सांगायचं. उद्या.

१८ मार्च
आज नाही. आई कामात होती. ती झोपली होती, पण शांतपणे झोपणं हेही तिच्या वयात कामच आहे.

२३ मार्च
ब्लूटूथने कानातलं ब्लूटूथ काढून खिशात ठेवलं. तेव्हाच कळायला हवं होतं.
तो म्हणाला की वरून आदेश आलाय, एक्स्चेंज काउंटर आजपासून बंद. पुढे सगळं ॲपवर. तुमचं काम चांगलं होतं, शिफारसपत्र देतो, हिशेब ऑफिस करेल, फक्त तुमचा कर्मचारी नंबर सांगा.
मी म्हटलं, नंबर नाही. त्याने नावाने शोधलं. आडनावाने शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाला, मॅडम, तुम्ही सिस्टीममध्येच नाही. मी त्याला शांतपणे समजावलं की हा प्रक्रियेतला दोष आहे: बाहेरची व्यक्ती काउंटरवर बसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, याचं मूळ कारण शोधलं पाहिजे. त्याने विचारलं, बाहेरची कोण? मी म्हटलं, मी. त्याने घाईघाईने ब्लूटूथ परत कानात घातलं, पण पलीकडे कुणीच नव्हतं.
मी नोटीस पिरियड मागितला. निदान महिना. तो म्हणाला, जे दिलंच नव्हतं ते परत कसं घेऊ? जॅकेट तेवढं घेतलं.
खुर्ची उचलायला दोन माणसं आली. इतके दिवस या स्टोअरमध्ये माणूस सापडत नव्हता.
मागच्या वेळी पोस्ट गेली तेव्हा मी लिफ्टमधून व्यवस्थित खाली आले होते. आज बंद पडलेल्या जिन्यावर मध्येच बसावं लागलं. पाय दुखत असावेत. काका वर आले, पाणी दिलं, आणि पिशवी न तपासता जाऊ दिलं.
भर दुपारी घरी. आईने दार उघडलं. एवढ्या लवकर कशी, असं विचारलं नाही. ती परत जाऊन ओट्याशी उभी राहिली. मी मागे उभी राहिले आणि सांगून टाकलं. एका वाक्यात, स्पष्ट. म्हटलं, आई, माझी नोकरी गेली.
आईने गॅस बारीक केला. वळली. म्हणाली, कुठली?