आबांच्या तेलकट वह्या

आबा, तुम्ही म्हणाल, ही पोरगी भर दुपारी दुकानात लिहीत काय बसली, गिऱ्हाइकं कोण बघणार? गिऱ्हाइकं आहेत, म्हणूनच तर लिहितेय. बाहेर तीन मशिनी ओळीनं ठेवल्यात आणि बायका चार वाजता न्यायला येणार आहेत. गेल्या वर्षी याच वेळेला मी काउंटरवर डोकं टेकून झोपायची. रस्ता रुंद करताना आपल्या कोपऱ्यावरचा पानाचा गल्ला, ती टपरी, उठवला आणि त्याच्यासोबत आपलं गिऱ्हाईकही उठलं. ‘मशीनवाले आबा कुठं बसतात?’ असं विचारलं की तो गल्लेवाला तंबाखू मळता मळता हनुवटीनं आपल्या दुकानाकडे दाखवायचा. आता कुणी कुणाला विचारतच नाही, मोबाइलला विचारतात. आणि मोबाइलला आपण माहीतच नव्हतो. तुमच्या मुलानं, माझ्याच भावानं, मला तोंडावर सांगितलं, “ताई, दिवाळीलोग दखसू. नही चालनं ते तठे मोबाइलना कव्हर लावसू.” दिवाळीपर्यंतची मुदत दिली म्हणून त्याच्यावर रागावू नका, त्याचंही घर आहे. पण त्या दिवसापासून मी भिंतीकडेच बघत बसायची. तुमच्या खिळ्यांना, मशिनीच्या पट्ट्यांच्या जागी रंगीबेरंगी कव्हरं लटकणार, आणि मी म्हणे बाजूला उभी राहून बघणार.

मला तुमची ती वही लिहिण्याची पद्धत आठवते. बाई मशीन घेऊन आली की तुम्ही मशिनीला हात लावत नव्हता. आधी स्टूल पुढे करायचे, पाणी द्यायचे, आणि वही उघडून म्हणायचे, “सांग माय, काय व्हयनं?” मग ती जे सांगेल ते शब्दाला शब्द उतरवायचे, शिरोरेषा न देता, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात. ‘मशीन रुसनी शे.’ ‘धागा खाई ऱ्हायनी.’ ‘नवी साडी दखी की टाका सोडस, जुनी ऱ्हायनी ते नीट चालस.’ मी सहावीत होते, शाळेत माझं मराठी फार चांगलं, बाई सगळ्या वर्गाला माझा निबंध वाचून दाखवायच्या. एका रविवारी तुम्ही तेल आणायला गेलात आणि मी लाल पेन घेऊन अख्खं पान सुधारलं. ‘खालच्या धाग्याचा ताण बिघडला आहे.’ ‘सुई बदलणे आवश्यक.’ मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही पान पाहिलं, चष्मा काढला, आणि गिऱ्हाइकासमोर माझ्यावर ओरडलात, “तू डॉक्टरीन शे का? मशीन तिनी, दुखनं तिनं. तिनी जसं सांगं तसंच लिख!” मी रडत घरी आले. आईनं विचारलं तर सांगितलंसुद्धा नाही. तुम्ही मला त्याआधी कधी ओरडला नव्हतात, आणि तेही असल्या फालतू गोष्टीसाठी, असं वाटून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

दहावी झाल्यावर तुम्ही मला डिसमिस दिलीत. इथे गुजराती मुलखात सगळे स्क्रूड्रायव्हरला डिसमिसच म्हणतात, गावाकडच्या पाहुण्यांना ते सांगताना तुम्हाला हसू आवरायचं नाही. पिवळ्या मुठीची, छोटी, माझ्या हातात मावेल अशी. आई कपाळावर हात मारून म्हणाली, पोरीला कुणी असलं देतं का, कानातलं तरी द्यायचं. तिच्या कपाळाला हात लावण्यानं काही थांबलं नाही. लग्न इथेच झालं, हे पलसाण्याला कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये लागले, आणि तुमची नजर मंद व्हायला लागली तशी मी रोज दुकानात यायला लागले. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना की मी मशीन माझ्याकडे ओढून घ्यायची, तुम्ही ओढू द्यायचे. वही मात्र शेवटपर्यंत तुम्हीच लिहीत होता.

आता ते सांगते, ज्यासाठी बसलेय. तुम्ही गेलात, गंधमुक्तीला, दिवसकार्याच्या जेवणाला, दोनशे माणूस येणार, घरात पंगत बसायला जागा नाही. ठरलं, दुकान रिकामं करायचं आणि तिथे पंगत बसवायची. सगळे म्हणाले तू बघ, तुला माहीत आहे काय कुठं आहे ते. माळ्यावर तीन गोण्या वह्या होत्या. तेलानं चिकट झालेल्या, पानं एकमेकांना धरून बसलेली, आणि तो वास. मी रद्दी नेणाऱ्या पस्तीवाल्याला हाक मारली. तो नाक मुरडत म्हणाला, तेलवाला कागज कौन लेगा. मीच म्हटलं, घेऊन जा रे बाबा, फुकट ने, फक्त ने. गेला घेऊन. दुपारी तिथे पहिली पंगत बसली.

अकरा वर्षांत मला त्या वह्यांची आठवण झाली नाही, खोटं कशाला बोलू. आठवण झाली ती वेबसाइटमुळे. तुमची नात आता कॉलेजात आहे, आमच्याशी अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलते, पण डोकं तुमचं आहे. मामाचं ते दिवाळीचं बोलणं ऐकून म्हणाली, “मम्मी, वेबसाइट बनाविए.” बनवली. मी ऐटीत मजकूर सांगितला, ‘उत्तम दर्जा, तत्पर सेवा, ग्राहकांचे समाधान हेच ध्येय’. झकास दिसत होती. महिना झाला, कुत्रं फिरकलं नाही. मी स्वतः मोबाइलवर ‘उधना शिलाई मशीन रिपेअर’ टाकून बघायची. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्या नाही, चौथ्या पानापर्यंत गेले, मग हात टेकले. एकाचा फोन आला, म्हणे बहनजी, हफ्त्यात पहिल्या नंबरवर आणतो, पानाच्या खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात ‘शिलाई मशीन’ शंभर वेळा लिहू, माणसाला दिसणार नाही, गूगलला दिसेल. तुमची नात हसली, म्हणाली, “मम्मी, गूगल तारा जेवो भोळो नथी.” मग तिनं एकेक चूक काढली. नकाशावर आपली खूण खाडीच्या पलीकडे पडली होती. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. एके ठिकाणी तर तुमचा बंद पडलेला घरचा फोन नंबर. फोटो कुठल्या तरी परदेशी दुकानाचे, इतके जड की आपल्या बायकांच्या साध्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत भाताला कढ येईल. सगळं नीट केलं. चौथ्या पानावरून तिसऱ्यावर आलो, तिथेच अडकलो.

एके सकाळी लिंबायतहून एका बाईचा फोन आला, नंबर शेजारणीनं दिलेला. म्हणाली, “ताई, मनी मशीन धागा खाई ऱ्हायनी, उलट्या करी ऱ्हायनी.” फोन स्पीकरवर होता. मी ठेवला तर तुमची नात माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. म्हणाली, मम्मी, ही बाई मोबाइलमध्ये काय बोलेल? ‘तत्पर सेवा’ बोलेल? ती हेच बोलेल ना, मशीन धागा खाते! बाई गं!  तीस वर्षांनी तुमचं ओरडणं मला त्या दिवशी ऐकू आलं, आबा. त्या दिवशी संध्याकाळीच मी नवीन वही आणली. येईल तिला स्टूल, पाणी, आणि ‘सांग माय’. जे बोलेल ते तसंच. मग नातीनं एकेका तक्रारीचं एकेक पान केलं: वर त्या बाईचे शब्द, मराठीत, हिंदीत, गुजरातीत, खाली साधं सांगितलं, घरी काय करून बघा, आणि कधी दुकानात या. ‘मशीन टाका सोडते’ हे पान दोन महिन्यांत पहिल्या पानावर आलं. डिंडोलीहून, पांडेसऱ्याहून, एक तर चलथाणहून रिक्षात मशीन घालून आली. तुमच्या मुलानं येऊन बाहेर ठेवलेल्या मशिनी बघितल्या आणि कव्हरांचं नाव काढलं नाही.

आणि इथे माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. नात म्हणाली, दुकानाची माहिती दे, लोकांना खरी माणसं आवडतात. मी सांगितलं, तिनं लिहिलं: ‘आमच्या आबांनी बायकांच्या शब्दांत लिहिलेल्या वह्या आजही आमच्याकडे जपून ठेवल्या आहेत.’ तिनं विचारलं, कुठं आहेत, फोटो काढते. मी म्हटलं, गावी पेटीत आहेत. पोटच्या पोरीला थाप मारली. वाक्य इतकं छान वाटत होतं ना. लोक ते वाचून पुढे पाठवायला लागले, आणि सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान तेच झालं.

गुरुवारी एक बाई आली. पस्तिशीची, मशीन नाही, काही नाही, नुसती पिशवी. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मोबाइलमा वाचं मी. आबासन्या वह्या शेतस तुमनाकडे. मनी माय इठेच मशीन लई ये. ती गई दोन साल व्हयनात. फोटो शे, आवाज नही. तिनं बोलणं त्यामा व्हई का, ताई?”  मी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, सोमवारी या, शोधून ठेवते. ती माझे दोन्ही हात धरून गेली.

ती गेल्यावर मी ड्रॉवर उपसला. तळाशी तुमची एक वही निघाली, पण कोरी, तुम्ही घेऊन ठेवलेली, तेलाचे डाग मात्र पहिल्या पानावर होते. मी पेन घेतलं. तुमचं अक्षर मला येतं, आबा, लहानपणी आईला फसवायला कितीदा काढलंय. शिरोरेषा न देता एक ओळ लिहिली, ‘मशीन रुसनी शे’. हुबेहूब. तुम्हीच लिहिल्यासारखी. तिला कळलंच नसतं, ती रडली असती, खूश होऊन घरी गेली असती, आणि दुकानही चालत राहिलं असतं. मी ते पान बराच वेळ बघत बसले, मग लाज वाटून टराटरा फाडलं.

आज सोमवार. ती आली, म्हणून मधे उठले होते. आता परत बसलेय.

मी तिला खरं सांगितलं. वह्या नाहीत, पस्तीत गेल्या, मीच दिल्या. तिनं पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, “मंग तसं लिखं काब्र?” असं का लिहिलं, म्हणून विचारत होती. म्हटलं, दुकान बंद पडत होतं, आणि वाक्य बरं वाटलं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. मी म्हटलं, बसा. पाणी दिलं. नवी वही उघडली आणि विचारलं, मशीन बिघडली की तुमची माय काय म्हणायची? ती आधी रागानंच बघत राहिली. मग तिची मान थोडी वाकडी झाली, कंबरेवर हात गेला, आवाज बदलला, आणि ती म्हणाली, “दादा, हाई मशीन मनं ऐकतच नही. तुमनं मातर ऐकस!” आणि स्वतःच दचकली. तिला माहीत नव्हतं, ते तिच्यात आहे. मी तसंच लिहिलं. ती म्हणाली, वाचा. वाचलं. म्हणाली, “परत वाचा.” तीनदा वाचलं मी. मग तिनं पानाचा फोटो काढला आणि पदरानं डोळे पुसत रस्त्याला लागली.

मी नातीला फोन करून ते वाक्य काढायला सांगितलं. लिही म्हटलं, वह्या होत्या, आम्ही सांभाळल्या नाहीत, आता नवीन लिहितो. ती म्हणाली, मम्मी, गूगलमां नीचे जईशुं. म्हटलं, जाऊ दे. तिनं वाक्य काढायला घेतलं. मग एवढंच विचारलं, “पेटी नथी ने, मम्मी?” मी म्हटलं, नाही. दिवाळीला अजून दीड महिना आहे, बघू.

हे मी नव्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, त्यामुळे कुठं पाठवायचा प्रश्न नाही, माळ्यावर जाईल कधीतरी. पण त्या बाईला सांगितलं नाही, नातीलाही नाही, ते तुम्हाला सांगते. वह्या दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले होते. पस्तीवाल्याची ढकलायची लारी वळणावर उभी होती, आपल्या तिन्ही गोण्या तशाच वर बांधलेल्या, आणि तो चहा पीत होता. एका गोणीतून तुमची एक वही अर्धी बाहेर आली होती. मी हाक मारली असती तर तो थांबला असता. दूध तापवायचं होतं, पाहुणे उठले असतील असं वाटलं, आणि मी घरी आले.