कामारूचे पंख

१२ जुलै

शेवटी विचारलं. सरळ तिच्या वडिलांनाच.

तातांग बेरोंग कढईसमोर उभे होते. मी म्हणालो, "तातांग, मला जोवेलिनशी लग्न करायचंय." दुपारची वेळ, खानावळ भरलेली, कोपऱ्यातल्या ट्रायसिकलवाल्याच्या घशात भात अडकला. तातांगनी वळूनसुद्धा बघितलं नाही. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला, खोकले, आणि मागच्या दाराने निघून गेले. बराच वेळ आत आलेच नाहीत.

संध्याकाळी जोवेलिन निरोप घेऊन आली. चेहरा अगदी कोरा. "तातांग म्हणतात, सान बार्तोलोमेच्या जत्रेपर्यंत रोज सकाळी यायचं. शेतातले कामारू किडे पकडायचे, साफ करायचे. बेडूक सोलायचे. एक दिवस चुकला की परत यायचं नाही."

"मग लग्न?"

"मग बघू, म्हणतात."

पूर्वी मुलीच्या घरी लाकडं फोडायची, पाणी भरायचं, अशी सेवा करायची पद्धत होती म्हणे. माझ्या आजोबांनी दोन वर्षं केली. आता कोण करतं? मी करणार. त्रेचाळीस दिवस. या म्हाताऱ्याला दाखवतोच.

१३ जुलै

बोटं सुजली.

१४ जुलै

आता नीट लिहितो. चिखलणीच्या शेतात पाणी सोडलं की कामारू बिळातून वर येतात. बोटाएवढे, तपकिरी, पुढचे पाय फावड्यासारखे. ते वेचून बादलीत टाकायचे. इथवर मजा आहे. पुढे एकेक हातात घ्यायचा. आधी पंख काढायचे. मग पाय. मग धुवायचा. मग दुसरा. बशीभर व्हायला तास लागतो आणि ती बशी गिऱ्हाईक चार घासांत संपवतं.

आज तातांगनी माझी बशी उचलली, बोटाने ढवळली, तीन किडे काढून परत माझ्यापुढे ठेवले. प्रत्येकाचा एकेक पाय राहिला होता. शब्द नाही! वर टॉवेल तोंडाला. माझी किळस येते बहुतेक.

१९ जुलै

ताई विचारते, "इंजिनिअर होणार होतास ना? आता किड्यांचा न्हावी झालास." मी ताट सरकवून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो. ती हसली नाही, भात वाढला. हसली असती तर बरं झालं असतं.

२२ जुलै

जोवेलिनने आज कॉलेजचं विचारलं. कोणालाच नीट सांगितलेलं नाही. तिला सांगितलं.

मनिलाच्या वसतिगृहात आईने डबा पाठवला होता, शिरका-लसूण घालून परतलेले कामारू. मी टेबलावर ठेवले, म्हटलं घ्या सगळ्यांनी. एकाने चिमटीत एक उचलला, मुलींच्या पुढ्यात नाचवला. म्हणाला, यांच्या गावाला फवारणी लागत नाही, हीच माणसं सोडायची शेतात. सगळे हसले. मी डबा त्याच्या तोंडावर मारला. दोन टाके पडले त्याला. प्राचार्य म्हणाले, माफीचं पत्र लिही, प्रकरण मिटवतो. मी लिहिलं नाही. त्याच दिवशी बस पकडली. पाच सत्रं झाली होती, तीन राहिली.

वाटलं, ती म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "डब्यातले कामारू सांडले का?"

"सांडले."

"आईने किती वेळ पंख काढले असतील."

एवढंच, आणि टेबलं पुसायला गेली. मी बेडकांकडे गेलो. आज सोळा सोलले.

३० जुलै

तीन दिवस फक्त बेडूक. पोट साफ करून डुकराचा खिमा, लसूण, मिरी ठासून भरायची, शिवल्यासारखं बंद करायचं, तेलात सोडायचा. बाहेर येतो तेव्हा जेवण आटोपून पोटावर हात ठेवून पडलेल्या काकासारखा दिसतो. मी हे बोललो. तातांग झारा ठेवून मागच्या दाराने बाहेर गेले. माणूस एक विनोद सहन करू शकत नाही!

पण हेही लिहायला हवं: आज त्यांनी माझी बशी परत केली नाही.

६ ऑगस्ट

मनिलाची दोघं आली, मोबाईल काठीला लावून. पोरगा कामारू तोंडाजवळ नेतो, डोळे मिटतो, किंचाळतो, परत ठेवतो. पोरगी म्हणते, "अजून घाबरल्यासारखं कर." माझं डोकं फिरलं. तोच हात, तोच चिमटीतला किडा. मी उठलो.

जोवेलिन मोरीजवळून म्हणाली, "रेमी. खाली बस. पाय तोड."

"कोणाचे?"

"बादलीतल्यांचे."

बसलो. तातांग स्वतः गेले. त्याच्या ताटात गरम भात वाढला, वर कामारू, टोमॅटो, कांदा, बाजूला शिरका. म्हणाले, "तो मोबाईल ठेव. भाताबरोबर खा." त्याने खाल्लं. मग मोबाईल विसरला. तीन वेळा भात मागितला, वर आजीला न्यायला पुडी बांधून घेतली.

मी वर्षभर वसतिगृहातल्या ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडतोय, त्याला कोणी भात वाढलाच नव्हता. मीसुद्धा नाही. डबाच मारला.

१५ ऑगस्ट

ताप. तरी गेलो. जोवेलिनने कपाळाला हात लावला. ताप वाढला.

२० ऑगस्ट

चार दिवस राहिले. जत्रेला तातांगच्या दारात अख्खा बारिओ, सगळं गाव, जेवतो, आणि पहिलं ताट कामारूचं. लोक त्यासाठीच येतात. आज तातांग चक्क बोलले! "जत्रेचे कामारू तू आण. एकट्याने." चाळीस दिवसांतलं सगळ्यात मोठं वाक्य.

२३ ऑगस्ट

हातांना अजून शिरक्याचा वास येतोय. सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी तातांगच्या शेतात पाणी सोडलं. कामारू नेहमीसारखे, एक इथे, एक तिथे. बादलीचा तळही झाकेना. बांधापलीकडे इस्तोंगकाकांचं शेत. तिथे बघतो तर कामारू आपणहून वर आलेले, ढिगाने. पळतसुद्धा नव्हते. मी म्हटलं सान बार्तोलोमे पावला. तासाभरात बादली काठोकाठ. दुपारपर्यंत सगळे साफ केले, एकाचाही पाय राहिला नाही, शिरक्यात उकळायला ठेवले. तातांगनी पातेल्यात डोकावून "बरं" म्हटलं. मी हवेत!

जोवेलिन चर्चमध्ये फुलं लावायला गेली, तातांग डुक्कर आणायला. इतक्यात इस्तोंगकाका चुलीवर विडी पेटवायला आले. म्हणाले, "माझ्या शेतातले नाहीत ना घेतलेस? काल दाणेदार औषध टाकलंय. भात कुरतडून खाल्ला रे मेल्यांनी."

मी म्हणालो, "नाही." तोंडातून आपोआप निघालं. काका विडी ओढत गेले.

मग मी आणि पातेलं. वर आले ते पळत का नव्हते, ते कळलं. मेलेलेच होते अर्धे. मीच वेचले आणि देवाचे आभार मानले. चांगले-वाईट आता वेगळे करता येणार नव्हते. डोक्यात काय काय आलं ते लिहितो, इथे नाही तर कुठे लिहिणार. उकळल्यावर औषध जात असेल. पातेलं सांडलं म्हणावं. मांजरीने पाडलं म्हणावं. तीन वाजताची बस आहे, ती पकडावी. खरं तर बसचाच विचार जास्त वेळ केला. बस पकडणं मला जमतं.

तातांग आले. डुक्कर अंगणात बांधलं. मी म्हणालो, "तातांग, हे विषाचे आहेत. मी इस्तोंगकाकांच्या बांधापलीकडून आणले. काकांनी विचारलं तेव्हा खोटंही बोललो. माझं चुकलं."

टॉवेल तोंडाला गेला नाही. त्यांनी पातेलं उतरवलं, कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून कमरेएवढा खड्डा खणला दोघांनी. पूर्ण दिवस त्यात ओतला. माती लोटताना म्हणाले, "पहाटे माझ्या शेतात. दोघं जाऊ."

२४ ऑगस्ट

पहाटेपासून वेचून दोन वाडगे. दोनच. जेवायला दीडशे माणूस.

वाटलं, तातांग झाकून नेतील. ते दारात उभे राहिले, वाडगा हातात, आणि येईल त्याला चमचाभर वाढत म्हणाले, "यंदा एवढेच. बादलीभर होते, या पोराने पुरले. औषधाचे निघाले. कळल्याबरोबर सांगितलं मला." प्रत्येकाला! दीडशे वेळा! मी बेडकांच्या परातीमागे मान खाली घालून. इस्तोंगकाका आले, ऐकलं, माझ्याकडे बघितलं, बेडूक उचलला आणि म्हणाले, "हा तरी माझ्या शेतातला नाही ना?" सगळं अंगण हसलं. मीही हसलो. हात कशालाच गेला नाही माझा.

एका म्हातारीने तो चमचाभर डोळे मिटून खाल्ला. म्हणाली, दरवर्षी बशीभर असतात, चव कधी कळलीच नव्हती.

२५ ऑगस्ट

सकाळी मनिलाला दोन पत्रं टाकली. एक प्राचार्यांना, एक त्याला, दोन टाकेवाल्याला. त्याला लिहिलं की ये एकदा, भात वाढतो.

मग जोवेलिनला विचारलं, त्रेचाळीस दिवस झाले, तातांगचं काय ठरलं?

ती परात घासत होती. म्हणाली, "तातांग पहिल्याच दिवशी हो म्हणाले होते. अट माझी होती. तू सगळं अर्धवट सोडतोस, मला अर्धवट नवरा नको होता."

मी खालीच बसलो. म्हटलं, "मग ते माझ्याशी बोलायचे का नाहीत?"

"बोलायला गेले की हसू यायचं. टॉवेल कशाला लावायचे, तुला काय वाटलं?"