मेलेल्याने हलायचं नाही

बाबा, येत्या शनिवारी इथल्या मराठी मंडळात तुमचा सिनेमा दाखवणार आहेत. तोच, ज्यात तुम्ही हॅट घालून हिरोला वाचवता आणि शेवटच्या रिळात दगडांत मरून पडता. हे सगळं तुमच्या नातवाने जमवून आणलं. तो आता दुसऱ्या शहरात, पॅरामॅटाला बँकेत आहे. फोनवर म्हणाला, "मम, तू फक्त फाइव्ह मिनिट्स बोल. आजोबांना तू लास्टपर्यंत कसं सांभाळलंस ते सांग. नो वरीज, रडलीस तरी चालेल." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी एकदाही रडले नाही, हे त्याला ठाऊक नाही. भाषण लिहायला बसले होते, त्याऐवजी हे लिहिते आहे.

हिंदीत तेव्हा घोडे, बंदुका आणि चामडी बुटांच्या सिनेमांची लाट आली होती आणि तुम्ही तिच्यावर आठ-नऊ वर्षं तरंगलात. खरं तर घोड्याला तुम्ही टरकून असायचात. लांबचे शॉट डुप्लिकेट द्यायचा. जवळच्या शॉटला तुम्ही खोगीर बांधलेल्या पिंपावर बसायचात आणि दोन माणसं ते पिंप हलवायची. अभिनयही यथातथाच. पण मरायचात मात्र झकास. नाकावर माशी बसो, पाठीखाली काटे असोत, दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत तुमची पापणी हलत नसे. मेलेल्याने हलायचं नाही, हा तुमचा एकच धर्म. त्यावर आमचं घर चाललं, हे मी मान्य करते. मी नऊ वर्षांची असताना आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, ते तुम्हाला आठवत नसणार. तुम्ही चहाचा कप घेऊन दारात उभे आहात. "बोटं बघ कशी आखडली आहेत," मला म्हणता, "मेलेलं माणूस असं पडत नाही." आणि हसता. पाणी मी आणलं. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडेनासे झालात.

आई गेल्यावर तुम्हाला इकडे परदेशात, ट्रुगानिनाला माझ्या घरी आणलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. तोवर तुमचं डोकं पार विस्कटलं होतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघून "लोकेशन चांगलं आहे" म्हणायचात, मला असिस्टंट समजून मेकअप मागायचात. मी एज्ड केअरमध्ये काम करते. तिथे परक्यांच्या बापांना तासभर लापशी भरवताना माझा आवाज कधी चढला नाही. घरी तुमच्या ताटलीत पोळी टाकून मी पाठ फिरवायचे. मग एके दिवशी शेजारची पंजाबी बाई तुम्हाला हाताला धरून घेऊन आली. "दीदी, अंकल रोड के बीच में खड़े होकर गाड़ियाँ रोक रहे थे।"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुम्हाला हॉलमध्ये उभं केलं आणि म्हणाले, "शॉट रेडी आहे. तुम्हाला गोळी लागली. अ‍ॅक्शन." ऐंशीव्या वर्षी तुम्ही काय सुरेख पडलात. आधी गुडघे, मग खांदा, मग कार्पेटवर गाल. मी दाराला कुलूप लावून निघून गेले. चार तासांनी आले तेव्हा तुम्ही तिथेच, तसेच. पँट ओली, खालचं कार्पेट ओलं. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. मी "कट" म्हणाले. तुम्हाला उठता येईना, मी हात दिला नाही. कसेबसे बसलात आणि घाबरत विचारलंत, "ओके होतं का? की अजून एक घ्यायचा?"

"उद्या घेऊ," मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी घेतला. तुम्ही हॉस्पिटलात जाईपर्यंत घेत राहिले. एकदा मुलगा युनिव्हर्सिटीतून लवकर आला आणि तुम्हाला तसं पडलेलं बघून हबकला. "हे डेंजरस आहे, मम." मी म्हटलं, मी शिफ्टला गेल्यावर दुसरा इलाज काय होता, रस्त्यावर मेले असते तर? त्याला ते पटलं. मलाही ते पटायला लागलं. शनिवारी मी सांगणार आहे की बाबा शेवटपर्यंत कलाकार होते, आणि लोक टाळ्या वाजवतील. खोटं त्यात काहीच नाही.

हे पत्र मी फाडून टाकेन, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या पहिल्या दुपारी मला शिफ्ट नव्हती. मी शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गरम चिप्स खाल्ल्या, रेडिओ ऐकला, मला फार बरं वाटलं. तीन तास झाले तेव्हा तुम्ही अजून तसेच पडलेले असाल हे मला आठवलं. मी आणखी एक तास बसले.