नखाखालचा हिरवा उजेड

सोमवार
अंगठी काढ, केस झाक, तोंड बंद ठेव. धाकट्या बहिणीनं पहिल्याच दिवशी हुकूम सोडले. शेवटचं जमणार नाही, म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, जागा झकास आहे. लख्ख फरशी, नळाला गरम पाणी, आणि काम काचेची भांडी धुण्याचं. धाकटी इथली मोठी शास्त्रज्ञ. म्हणाली, ताई, आम्ही प्रथिनाचे बारके तुकडे मण्यांसारखे ओवतो आणि त्यावर जंतूच्या अंगावर असते तसली साखर चिकटवतो. शरीर ती साखर ओळखायला शिकलं की लस जमली. मुंग्या लागत नाहीत का, विचारलं. हसली नाही. त्याला चकाकणारा रंगही जोडतात, म्हणजे माल अंगात कुठवर पोचला ते कळतं. जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा दिसतो. धुतलेलं भांडं दिव्याखाली धरायचं, हिरवं दिसलं तर परत घासायचं.
कामाला लावायच्या आधी तिनं दंडात सुई टोचली. इथं सगळ्यांनाच देतात, म्हणाली.

बुधवार
दुपारी धाकटी मला मोठ्या जांभळ्या दिव्याच्या खोलीत नेते. डोळे बिघडतील म्हणून माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधते आणि बराच वेळ दिव्याखाली उभं करते. अंगावर काही उडालंय का ते बघते म्हणे. बरं वाटलं. आई गेल्यापासून माझ्याकडे कोण बघतंय? आईलाही शेवटी हिनंच सांभाळलं.

शुक्रवार
धुतलेल्या भांड्यावर हिरवं बोट उमटलं. घासलं, गेलं. परत धरलं, परत उमटलं. हातमोजा फाटका असणार. दिव्याखाली हातमोजा काढायचा नाही असा नियम आहे, पण मला कुठला धीर. काढला.
उजेड नखाखालून येत होता. आतून.
थुंकले. तेही हिरवं.

शनिवार
गोदामवाल्या काकांना सुईचं विचारलं. कसली सुई, म्हणाले. झाडूवालीलाही विचारलं. कुणालाच टोचलेली नाही. मलाच.

सोमवार
धाकटीला धरलं. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. उंदरांवरून माणसांवर यायला वर्षं जातात म्हणे, आणि परक्या माणसाची संमती घ्यावी लागते. मग घरच्याला विचारायचं नसतं का, म्हटलं. तर शांतपणे म्हणाली, ताई, आईच्या वेळी मात्रा चुकली, डोक्यात चढलं. तुझं अजून मानेपर्यंतच आहे.
आई तापानं गेली असं सांगितलं होतं हिनं. मी हिच्याच गळ्यात पडून रडले होते.

मंगळवार
हे अंगातून बाहेर काढ म्हटलं. निघत नाही म्हणाली. आणि पट्टी घेऊन आली. पट्टी. अजून.
शब्द सापडत नाहीत. ते लांब मानेचं काचेचं — रोज धुते ते, त्याचं नाव —

बुधवार
धाकटे, ही वही तुझ्या टेबलावर ठेवते. आईला कळलं होतं का? तुला काही म्हणाली का ती? खरं सांग. शुक्रवारपर्यंत. नंतर मला वाचता येईल असं —
डाव्या डोळ्यात हिरवं. दिवा बंद आहे.
शुक्रवारपर्यंत उत्तर दे, नाहीतर मी —